सीमेवरच्या भट्ट्या : उरणचे मोहाचे मद्य आणि त्याचे पारशी मालक

सातारचे छत्रपती शाहू महाराज आणि कोल्हापूरचे छत्रपती संभाजी महाराज यांच्यात १३ एप्रिल १७३१ रोजी झालेल्या तहाने वारणा नदी दोन राज्यांमधली सीमा ठरली, आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर तीच नदी इंग्रजी मुलूख व कोल्हापूर संस्थान यांच्यातली हद्द म्हणून पुढे शंभर वर्षे टिकली. हद्दीच्या दोन्ही तीरांवर शेती एक, बोली एक आणि सोयरीकही एक असली, तरी जकात, मीठ, जंगल आणि मद्य यांचे कायदे वेगळे असू शकतात, आणि कायदे वेगळे झाले की एकाच मालाचे दोन भाव तयार होतात. मद्याच्या उद्योगाचा इतिहास लिहिताना पिणाऱ्याच्या सवयीकडे किंवा गाळणाऱ्याच्या कसबाकडे लक्ष दिले जाते. परंतु कोकण किनाऱ्यावरील एका छोट्या गावाचा इतिहास नीट पाहिला तर असे दिसते की भट्टी कुठे उभी राहावी, तिची मालकी कोणाकडे असावी आणि तेच कसब अंगी असलेला दुसरा माणूस गुन्हेगार केव्हा ठरावा, या तिन्ही गोष्टी प्रामुख्याने महसुलाच्या सीमेने ठरवल्या. ते गाव म्हणजे उरण, आणि तिथल्या भट्ट्यांचे मालक म्हणजे इराणातून गुजरातेत व गुजरातेतून मुंबईच्या आसपास येऊन स्थिरावलेल्या पारशी समाजातील व्यापारी. वारणेच्या काठी, उसाच्या आणि म्हणून मळीच्याही प्रदेशात, हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

उरण आज रायगड जिल्ह्यात मोडते. मुंबई बंदराच्या पूर्वेस, खाड्या आणि खाजणे यांनी मुख्य भूमीपासून जवळजवळ तुटलेले जे करंजा बेट होते, त्या बेटावर द्रोणागिरीच्या डोंगराशेजारी हे गाव वसले, आणि त्याच्या उत्तरेचे मोरा बंदर हे मुंबईला जाण्याचे त्याचे दार झाले. पोर्तुगीजांकडून हे बेट अठराव्या शतकात वसईच्या मोहिमेच्या सुमारास मराठ्यांकडे आले आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीबरोबर तेही घेतले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसईसारखी मोठी ठाणी पेशव्यांना परत मिळाली, परंतु साष्टी, घारापुरी आणि करंजा ही बेटे इंग्रजांकडेच राहिली. याचा अर्थ असा की १८१८ पर्यंत करंजा हे कंपनी सरकारचे पूर्वेकडचे सीमाठाणे होते : समोर पनवेल-पेणचा पेशव्यांचा मुलूख आणि धरमतरच्या खाडीपलीकडे आंग्र्यांची कुलाब्याची सत्ता, जी १८४० मध्ये खालसा होईपर्यंत नावापुरती का होईना टिकून होती. जिल्ह्यांच्या नकाशातही उरणची जागा कडेचीच राहिली. आरंभी ते ठाणे जिल्ह्यात होते आणि १८८३ मध्ये पनवेल तालुक्याबरोबर कुलाबा जिल्ह्यात गेले. पुढे जे घडले ते समजून घेण्यासाठी हा काठावरचा भूगोल मनात ठेवला पाहिजे.

या बेटाची मूळची संपत्ती दोन प्रकारची होती. खाजणांत मिठागरे होती आणि त्यांत आगरी समाज राबत होता. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये माड व ताड होते आणि त्यांवर चढून रस उतरवण्याचे काम भंडारी समाजाकडे होते. माडाच्या किंवा ताडाच्या पोयीला छेद देऊन जो रस मडक्यात जमा होतो तो सकाळी ताजा असताना गोड असतो आणि ऊन चढेल तसा आपोआप आंबत जातो. हीच माडी किंवा ताडी. मीठ आणि मद्य या दोन्ही वस्तू गरिबातल्या गरीब माणसाला लागणाऱ्या आणि म्हणूनच कर बसवायला सरकारला सर्वांत सोयीच्या. मुंबई इलाख्यात सीमाशुल्क, मीठ, अफू आणि अबकारी, म्हणजे मादक पदार्थांवरील कर व त्याचा कारभार, ही चारही खाती एकाच आयुक्ताच्या हाताखाली होती. उरणच्या माणसाला सरकार नावाची गोष्ट प्रथम भेटली ती शाळेच्या किंवा दवाखान्याच्या रूपाने नव्हे. ती मिठाच्या ढिगावर आणि मद्याच्या पिंपावर मोहोर उमटवणाऱ्या कारकुनाच्या रूपाने. याच परिसरात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यामागचा संताप केवळ त्या एका वर्षाचा नव्हता.

पारशांच्या भारतातील आगमनाची परंपरागत हकिकत बहमन कैकोबाद यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारसीत लिहिलेल्या ‘किस्से-ए-संजाण’ या काव्यातून कळते. इराणात अरबांचे राज्य झाल्यानंतर आपला जरथुष्ट्री धर्म टिकवण्यासाठी काही कुटुंबे समुद्रमार्गे निघाली आणि आजच्या गुजरातच्या दक्षिण टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेलगत, संजाण येथे उतरली. संजाणपासून नवसारी, सुरत, भरूच या पट्ट्यात ती शेती, विणकाम, सुतारकाम आणि ताडीचा धंदा करीत राहिली. सतराव्या शतकात सुरतेला आणि अठराव्या शतकात मुंबईला इंग्रजांचा व्यापार वाढला तेव्हा या समाजातील अनेक जण दलाल, मोदी, जहाजबांधणीचे कारागीर म्हणून दक्षिणेकडे आले; सुरतेहून १७३६ मध्ये मुंबईला आलेले लवजी नसरवानजी वाडिया हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव. जरथुष्ट्री धर्मात मद्याला बंदी नाही. हिंदू उच्च जातींतील सावकाराला मद्याचा मक्ता घेणे कमीपणाचे वाटे आणि मुसलमान व्यापाऱ्याला ते धर्माने निषिद्ध होते; त्यामुळे ज्याच्याकडे भांडवल आहे, हिशेब आहे, इंग्रज अधिकाऱ्याशी बोलण्याची रीत आहे आणि मद्याला हात लावण्यास संकोच नाही, असा वर्ग शोधू गेल्यास तो पारशीच होता. दारूवाला, पीठावाला, ताडीवाला अशी आडनावे या व्यवसायाची साक्ष देतात आणि ती लपवण्याची गरज त्या समाजाला कधी वाटली नाही, हे त्याच्या सरळपणाचेच लक्षण मानावे लागेल.

उरणच्या भट्ट्यांत जे मद्य गाळले जाई ते माडीचे नव्हते. ते मुख्यत्वे मोहाचे होते. ही बाब महत्त्वाची आहे, कारण करंजा बेट माडांचे होते आणि मोहाचे जंगल तिथे नव्हते. मोहाचे झाड फाल्गुन-चैत्रात फुलते. त्याची मांसल, फिकट पिवळी फुले रात्री व पहाटे गळून झाडाखाली पडतात आणि उजाडायच्या आत स्त्रिया व मुले ती टोपलीत वेचतात. उन्हात वाळवली की फुले तपकिरी, मनुकांसारखी होतात आणि वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असल्यामुळे महिनोन्महिने टिकतात. आदिवासी घरात ती भाजून, शिजवून, भाकरीत मिसळून खाल्ली जातात आणि टंचाईच्या वर्षी तीच पोटाला आधार देतात. मद्य हा मोहाचा अनेक उपयोगांपैकी एक उपयोग, जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य यांच्याशी बांधलेला. उरणच्या भट्ट्यांना लागणारी फुले पंचमहालाच्या आणि मध्य प्रांताच्या जंगलांतून रेल्वेने मुंबईला आणि तिथून मचव्यांनी मोरा बंदराला येत. ज्या बेटावर फूल उगवत नाही तिथे ते शेकडो मैलांवरून आणायचे, गाळायचे आणि तयार माल पुन्हा खाडी ओलांडून मुंबईला पाठवायचा, असा हा उलटसुलट प्रवास होता. निव्वळ धंद्याचे गणित मांडले तर भट्टी जंगलाजवळ असायला हवी होती, किंवा गिऱ्हाइकाजवळ. ती या दोहोंच्या मधल्या बेटावर उभी राहिली याचे कारण करात आहे.

मोह गाळण्याची कृती मुळात सोपी आहे. वाळलेली फुले पाण्यात भिजत घालायची, हवेतल्या आणि फुलांवरच्या किण्वाने, म्हणजे यीस्टने, साखरेचे मद्यार्कात रूपांतर होईपर्यंत काही दिवस वाट पाहायची, आणि मग तो आंबलेला द्रव भट्टीवर चढवायचा. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो आणि पाणी १०० अंशांना, म्हणून मंद आचेवर आधी निघणारी वाफ मद्यार्काने समृद्ध असते. ती नळीतून नेऊन थंड पाण्यात बसवलेल्या भांड्यात उतरवली की मद्य तयार होते. आदिवासी पाड्यावर हे काम दोन मडकी आणि बांबूची नळी यांवर होई; उरणला त्यासाठी तांब्याची मोठी भांडी, पक्क्या चुली आणि भिजवणीसाठी रांगेने मांडलेली पिंपे होती. एकदा गाळलेल्या सौम्य मद्याला ‘राशी’ आणि पुन्हा गाळून कडक केलेल्याला ‘बेवडा’ म्हणत. कसबात फरक नव्हता. फरक होता तो मोजमापात. इंग्लंडमध्ये मद्याचा कडकपणा ‘प्रूफ’ या मापाने ठरे, आणि ज्या मद्यात आकारमानाने सुमारे ५७ टक्के मद्यार्क आहे ते प्रमाण मानून इतर मद्ये त्यापेक्षा किती अंश खाली आहेत हे हायड्रोमीटर नावाच्या तरंगत्या काचेच्या किंवा धातूच्या मापकाने पाहिले जाई. मुंबई इलाख्यात देशी मद्य दोन ठरावीक प्रतींत विकले जाऊ लागले : प्रूफच्या २५ अंश खाली आणि ६० अंश खाली. पहिल्या प्रतीत मद्यार्क ४२.८ टक्के भरतो. आज महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर हाच ४२.८ टक्क्यांचा आकडा छापलेला असतो. दीडशे वर्षांपूर्वी अबकारी खात्याने कर आकारण्याच्या सोयीसाठी ठरवलेले प्रमाण आजच्या पिणाऱ्याच्या पेल्यात अजून तसेच उतरते आहे.

या सर्व व्यवस्थेला निश्चित आकार आला तो १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. त्याआधी बहुतेक ठिकाणी मक्त्याची पद्धत होती : एखाद्या गावाचा किंवा तालुक्याचा मद्यविक्रीचा हक्क लिलावात जाई, मक्तेदार जागोजागी लहान भट्ट्या लावी किंवा लावू देई, आणि सरकारला ठरलेली रक्कम मिळाली की किती मद्य गाळले गेले याची चौकशी फारशी होत नसे. चार्ल्स प्रिचर्ड या आयुक्ताच्या देखरेखीखाली ही घडी मोडण्यात आली. विखुरलेल्या भट्ट्या बंद करायच्या, गाळप मध्यवर्ती भट्टीगृहात आणायचे, प्रत्येक गॅलनवर त्याच्या कडकपणाप्रमाणे कर घ्यायचा, एका जिल्ह्याचा निर्मितीचा व विक्रीचा हक्क शक्यतो एकाच मोठ्या मक्तेदाराला द्यायचा आणि त्याच्याकडून किमान उत्पन्नाची हमी लिहून घ्यायची, हे नव्या धोरणाचे सार होते. मध्यवर्ती भट्टीगृह म्हणजे कुंपणाने बंदिस्त केलेले आवार, ज्यात भट्टी खासगी मालकाची पण दरवाजा सरकारचा, आणि त्या दरवाजातून कर भरल्याच्या पावतीशिवाय एक थेंबही बाहेर जाऊ नये असा बंदोबस्त. अशा बंदोबस्ताला बेटासारखी जागा नाही. चहूकडे पाणी, माल येण्याजाण्याला एक मुख्य बंदर, मिठामुळे आधीच बसलेला पहारा, आणि समोर मुंबईसारखे अफाट गिऱ्हाईक. उरणचे भाग्य म्हणा किंवा दुर्भाग्य, ते या सोयीत होते. मुंबई शहराला लागणाऱ्या देशी मद्याचा मोठा भाग उरणहून येऊ लागला आणि मोऱ्याची नाव या लहानशा गावाला एका महानगराच्या अबकारी उत्पन्नाशी बांधून गेली.

एका बाजूने कुंपण घालायचे तर ते सगळीकडून घालावे लागते. शेजारच्या संस्थानात मद्य स्वस्त राहिले तर ते रात्रीतून हद्द ओलांडणार, म्हणून अनेक लहान संस्थानांशी अबकारीचे करार करून तिथले दर इंग्रजी मुलखाच्या बरोबरीला आणण्याचा प्रयत्न झाला. सर्वांत मोठा असा करार पोर्तुगीजांशी झाला : २६ डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याची जकात, मीठ आणि मद्य यांची व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थानाशी जुळवून घेण्यात आली, आणि १८९२ च्या आरंभी तो तह संपेपर्यंत गोव्याच्या माडांवर व मिठागरांवर इंग्रजी पद्धतीचा अंमल चालला. गोव्याच्या मीठ-उत्पादकांनी आणि रेंदेरांनी, म्हणजे माडावर चढून सूर उतरवणाऱ्यांनी, त्याची मोठी किंमत मोजली. मुंबईच्या एका कचेरीत ठरलेला गॅलनचा दर टिकवण्यासाठी मांडवीच्या काठचा माड मोजला जाई, इतकी त्या कुंपणाची लांबी होती.

कोकणातील माणसावर याचे जे परिणाम झाले ते दोन प्रकारचे होते. भंडाऱ्यांच्या झाडांवरचा कर अनेक पटींनी वाढला, झाडागणिक परवाना लागू लागला, आणि पिढीजात पेशा करणाऱ्या कुटुंबांना एकतर मक्तेदाराच्या हाताखाली मजुरीने चढावे लागले किंवा मुंबईच्या गिरणीची वाट धरावी लागली. दुसरा परिणाम अधिक खोल होता. वारली, ठाकूर, कातकरी यांनी स्वतःच्या घरासमोर मोह गाळणे हा गुन्हा झाला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर आणि त्यांच्या व्यवहारावरच निर्बंध आणले गेले. झाड दारात उभे, फूल अंगणात पडलेले आणि ते टोपलीत भरून घरात ठेवले तर झडती, अशी ती अवस्था होती. त्याच वेळी तीच फुले गाडीगाडीने उरणला उतरत होती. कायद्याच्या भाषेत यात विसंगती नव्हती. एकीकडे परवाना होता, दुसरीकडे नव्हता. पण न्यायाच्या भाषेत पाहिले तर हा एका वस्तूवरील हक्काचे स्थलांतर होते, जंगलातून बेटावर आणि पाड्याकडून पेढीकडे, आणि त्याला चोरी म्हणायचे नसेल तर दुसरा योग्य शब्द शोधावा लागेल.

पारशी मालकाला या अन्यायाचा कर्ता ठरवणे सोपे आहे आणि अनेकदा तसे केलेही गेले. परंतु पुरावा त्याहून गुंतागुंतीचे चित्र दाखवतो. सरकारला मोजके, ऐपतदार आणि जबाबदार धरता येतील असे मालक हवे होते. गिऱ्हाइकाशी ज्याचे रक्ताचे किंवा देवाधर्माचे नाते नाही असा मालक तर आणखी सोयीचा, कारण चोरटी भट्टी दिसली तर तो ती लपवणार नाही; उलट आपला मक्ता राखण्यासाठी पदरचे पहारेकरी ठेवून तिचा पत्ता सरकारला देईल. स्थलांतरिताचे परकेपण ही त्याची उणीव होती. अबकारी व्यवस्थेने तिला पात्रता बनवले. त्यातून पैसा आला, तसा तिटकाराही आला. डहाणू, उंबरगाव आणि सुरतेच्या पट्ट्यात पिठाचा मालक हाच उधार देणारा आणि पुढे जमिनीचाही मालक झाला; पीठ म्हणजे मद्यविक्रीचे दुकान, आणि उधारीची वही त्याच्या गल्ल्याशेजारीच असे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी समाजातून निघालेली देवीची चळवळ ठाणे, नाशिक आणि डांगच्या जंगलांतून सुरत जिल्ह्यापर्यंत पसरली. सलाबाई या नावाने ओळखली जाणारी देवी अंगात आलेल्या माणसांच्या मुखातून आज्ञा देई : मद्य सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, आणि पारशांच्या पिठावर व शेतावर पाऊल ठेवू नका. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा सविस्तर अभ्यास केला आहे. मद्य हे आपल्या दास्याचे साधन आहे हे आदिवासींनी बाहेरून कोणी शिकवण्याआधी ओळखले होते आणि त्यावरचा उपायही स्वतःच शोधला होता, हे त्यातून दिसते. या चळवळीला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणारे वाचन अपुरे आहे. पुढे १९४५ मध्ये त्याच पट्ट्यात गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा जो उठाव झाला, त्याच्या मुळाशी असलेल्या वेठबिगारीच्या आणि गेलेल्या जमिनींच्या अनेक कहाण्यांचे धागे या उधारीच्या वहीपर्यंत पोहोचतात.

महाराष्ट्राच्या शहरांतून विरोध आला तो वेगळ्या मार्गाने. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी १८८० मध्ये शहरात वाढत चाललेल्या मद्याच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले, आणि ते नव्या अबकारी धोरणाची फळे दिसू लागण्याच्या ऐन सुरुवातीचे पत्र आहे. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरातील तवा कशाने थंड पडतो हे जोतीरावांना पुस्तकातून कळले नव्हते. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात मद्याच्या दुकानांसमोर निरोधन झाले. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत मुंबई सरकारच्या अबकारी धोरणावर टीका करणाऱ्यांत दिनशा वाच्छा हे पारशी पुढारी होते, आणि लंडनमध्ये ब्रिटिश खासदारांच्या एका गटाने त्याच काळात हा प्रश्न पार्लमेंटपुढे नेला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली, तेव्हा अबकारी खात्याचे मंत्री होते डॉ. मंचेरशा गिल्डर, पारशी समाजातलेच निष्णात हृदयरोगतज्ज्ञ. आपल्या समाजाच्या मोठ्या वर्गाचा रोष पत्करून त्यांनी ती जबाबदारी पार पाडली. मालकही पारशी, टीकाकारही पारशी आणि बंदी आणणारा मंत्रीही पारशी, हे लक्षात घेतले तर ‘पारशी आणि दारू’ असे एका ओळीत उरकून टाकणारे लेखन किती उथळ आहे ते समजते.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने आणि १९५० पासून इलाखाभर अमलात आलेल्या संपूर्ण बंदीने उरणच्या भट्ट्यांच्या परवान्यांचा पायाच काढून घेतला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालेले असल्यामुळे वारणेचे दोन्ही काठ प्रथमच एका अबकारी कायद्याखाली आले ते याच वर्षी. या कायद्याला न्यायालयात आव्हान देणारे एफ. एन. बलसारा हेही पारशी. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये दिलेल्या निकालात कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरला आणि मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील काही निर्बंध रद्द झाले. घटनेतील मूलभूत हक्कांचा अर्थ लावणारा तो आरंभीचा महत्त्वाचा निकाल म्हणून कायद्याचे विद्यार्थी आजही तो वाचतात.

सीमेवरचे गाव, बाहेरून आलेला मालक आणि कायद्याच्या एका फटक्याने बदलणारे नशीब ही साखळी जगात इतरत्रही आढळते. अमेरिकेत मिशिगन सरोवराकाठचे मिलवॉकी हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नव्याने वसत असलेले गाव होते आणि तिथला बिअरचा उद्योग वाढवला तो जर्मन स्थलांतरितांनी. जेकब बेस्ट यांनी १८४४ मध्ये आणि फ्रेडरिक मिलर यांनी १८५५ मध्ये तिथे व्यवसाय सुरू केला, आणि १९२० ते १९३३ या काळातील राष्ट्रव्यापी दारूबंदीने असे शेकडो छोटे कारखाने कायमचे मिटवले. आपल्या उपखंडातील जवळचे उदाहरण मरीचे. वायव्येकडील छावण्यांतल्या गोऱ्या शिपायांसाठी १८६० मध्ये मरीजवळ घोडागली येथे बिअरचा कारखाना निघाला. त्याच्याशी निगडित असलेले एडवर्ड डायर हे जालियनवाला बागेतील गोळीबार करणाऱ्या जनरल डायरचे वडील. क्वेट्ट्याची त्याची शाखा १९३५ च्या भूकंपात नष्ट झाली, घोडागलीची इमारत फाळणीच्या दंगलीत जळाली, आणि उरलेला रावळपिंडीचा कारखाना भांडारा या पारशी कुटुंबाकडे आला. कादंबरीकार बाप्सी सिधवा याच कुटुंबातल्या. मुसलमानांना मद्य निषिद्ध असलेल्या देशात एका पारशी कुटुंबाने तो कारखाना चालवत ठेवला, तो पुन्हा त्याच पात्रतेवर, जी उरणला उपयोगी पडली होती.

उरणच्या मोहाची जागा शेवटी घेतली ती उसाच्या मळीने. १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यानंतर देशात साखर कारखाने झपाट्याने वाढले. उसाच्या वजनाच्या सुमारे चार टक्के मळी निघते, आणि एक टन मळीपासून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क मिळतो. जे कारखान्याला सांडपाण्यासारखे नकोसे होते ते आसवनीचा, म्हणजे मद्यार्क गाळण्याच्या कारखान्याचा, कच्चा माल झाले, आणि १९७३ च्या देशी मद्य नियमांनंतर महाराष्ट्रात जे परवानाधारक देशी मद्य आले ते फुलाचे उरले नव्हते. या बदलाबरोबर मालकही बदलला. प्रवरेच्या सहकारी कारखान्याने १९५० मध्ये जी वाट घालून दिली त्या वाटेने तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात वारणेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखाना उभा केला. तिथे ऊस पिकवणारा आणि कारखान्याचा सभासद एकच आहे. कच्चा माल जिथे पिकतो तिथेच तो शिजतो आणि नफ्याचा हिशेब वार्षिक सभेत उत्पादकासमोर मांडावा लागतो. मोह वेचणाऱ्या वारली स्त्रीला उरणच्या पेढीत असे स्थान कधी मिळाले नाही, आणि मिळावे असे त्या काळच्या कोणत्याही धोरणकर्त्याच्या मनात आल्याचे दिसत नाही. आज मळीचा आणि उसाच्या रसाचा मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जातो, त्याचा दर केंद्र सरकार ठरवते, आणि साखर किती करायची व इथेनॉल किती हे दरवर्षीच्या आदेशावर अवलंबून असते. म्हणजे भट्टीचे भवितव्य ठरवणारा दरवाजा अजूनही सरकारच्याच हातात आहे, फरक इतका की दरवाजाच्या आत उभा असलेला मालक आता संघटित आहे आणि त्याला मत आहे.

मोहाच्या फुलाचे काय झाले, हा या इतिहासाचा राहिलेला भाग. १८९२ मध्ये सुरू झालेले निर्बंध स्वातंत्र्यानंतर दारूबंदीच्या नियमांत रूप बदलून टिकले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठवणे, विकणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवरील बंधने उठवण्याचा निर्णय घेतला, आणि त्यामुळे गडचिरोलीपासून पालघरपर्यंत फुले वेचणाऱ्या कुटुंबांना स्वतःचा माल उघडपणे बाजारात नेता येऊ लागला. शेजारच्या मध्य प्रदेशाने पुढचे पाऊल टाकून आदिवासी बचत गटांना मोहाचे वारसा मद्य गाळण्याचे परवाने देण्याचे धोरण स्वीकारले आहे. महाराष्ट्रात फूल मोकळे झाले. ते गाळण्याचा परवाना वेचणाऱ्याच्या सहकारी संस्थेला मिळावा की नाही, हा निर्णय अजून व्हायचा आहे, आणि सहकारी आसवन्यांचा अर्धशतकाहून अधिक काळचा अनुभव असलेल्या पश्चिम महाराष्ट्राने त्यात आपला अनुभव घालणे हे त्या वेचणाऱ्यांच्या दृष्टीने अतिशय मोलाचे ठरेल.